आई-बाबा, इथल्या जूनमधल्या समुद्राविषयी

ब्रिजटाऊन, बार्बाडोस
१८ मे

ती. आई-बाबांस,
सा. न.

“जूनमध्ये कुणी समुद्रावर जातं का?” हा आईचा प्रश्न रत्नागिरीच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. तिकडे १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढतात, आणि मांडवीच्या धक्क्यावर उभं राहिलं तरी छातीत धडधडतं. इथे वारा जवळजवळ बारा महिने पूर्वेकडून येतो. अटलांटिकच्या लाटा बेटाच्या पूर्व अंगावर आपटतात आणि पश्चिमेची बाजू आडोशाला पडते. म्हणून पूर्वेला बाथशेबाला आपण फक्त बघायला जाऊ, तिथे पाण्यात पाय घालायचा नाही. पोहायचं ते ब्रिजटाऊनला लागून असलेल्या कार्लाईल बे या छोट्या उपसागरात. तळाला नुसती वाळू, प्रवाळाची, पांढरी. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन-अडीच फुटांचा, त्यामुळे सकाळी जिथे चटई टाकली ती दुपारपर्यंत तिथेच राहते.

गर्दीचा मोसम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, कारण तेव्हा इंग्लंड-कॅनडात थंडी असते. तुम्ही जूनमध्ये याल तेव्हा खुर्च्या रिकाम्या, राहायच्या जागा स्वस्त, आणि विक्रेत्यांना बोलायला वेळ. पाऊस येतो तो सरीसारखा, दहा-पंधरा मिनिटं, मग ऊन.

आता एक गोष्ट नीट वाचा, कारण ती त्या सरीशीच जोडलेली आहे. सर आली की माणूस जवळच्या झाडाखाली धावतो. इथे किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं. पानं चकचकीत, लांबट गोल, कडेला बारीक दाते आणि मधली शीर पिवळसर. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, वासाला गोड. त्याचा पांढरा चीक कातडीला लागला तर फोड येतात, आणि पावसात पानांवरून गळणाऱ्या पाण्यातूनही तो अंगावर उतरतो. बऱ्याच ठिकाणी खोडाला लाल पट्टा रंगवलेला असतो, पण सगळीकडे नसतो. म्हणून नियम सोपा ठेवू: पाऊस आला तर छत्रीखाली किंवा हॉटेलच्या पडवीत, झाडाखाली नाही. लहानग्या ओवीलाही पडलेलं फळ उचलू देऊ नका. सावलीला सुरू आणि देशी बदाम आहेत, ती झाडं तुम्ही लांबूनही ओळखाल. थाळीएवढ्या गोल पानांचं, लाल शिरांचं झाड दिसलं तर ते सी-ग्रेप, त्याच्याखाली खुशाल बसा.

दिवस उन्हाच्या घड्याळावर बांधायचा. उजाडतं साडेपाचच्या सुमारास. सहाला निघालो तर कार्लाईल बेच्या दक्षिण टोकाला, पेबल्स बीचवर, गॅरिसनच्या रेसकोर्सचे घोडे आंघोळीला आणलेले दिसतील. पाणी त्यांच्या छातीपर्यंत येतं, माणूस लगाम धरून शेजारी पोहत असतो. बाबा, ते बघायला लवकर उठणं सार्थकी लागेल. साडेआठ-नऊपर्यंत पाण्यात, दहाला घरी. दुपार घरात पंख्याखाली. साडेतीनला परत, आणि साडेसहाच्या आत सूर्य बुडतो. संधिप्रकाश फार टिकत नाही, म्हणून सामान त्याआधी आवरायचं.

पाण्यात शिरताना बाबांच्या गुडघ्याचा विचार करून सांगते. कापडी रबरी तळव्याचे पाण्यातले बूट मी आणून ठेवले आहेत. माझा हात धरून खेकड्यासारखं आडवं चालायचं. लाटेकडे पाठ करायची नाही, बाहेर येतानासुद्धा. बारीक लाट वाळूपाशी येऊन फुटते तिथेच म्हातारी माणसं पडतात, खोल पाण्यात नव्हे. कमरेएवढ्या पाण्यात पोचलात की गुडघ्यावरचा भार निघून जातो, तिथे नुसतं चाललं तरी व्यायाम होतो. पहिल्या दिवशी वीस मिनिटं पुरेत. लाईफगार्डच्या नजरेत राहायचं आणि लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचंच नाही.

आई, साडी नेसून उतरू नकोस. भिजलेला परकर पायात गुंडाळला जातो आणि पाऊल टाकता येत नाही. सुती पंजाबी ड्रेसही जड होतो. पटकन वाळणारी पातळ कापडाची सलवार आणि लांब बाह्यांचा कुडता घे, उन्हापासूनही तेच बरं. मंगळसूत्र घरी काढून ठेवू.

पाणी २८ अंशांच्या आसपास, म्हणजे कोमटच. त्यामुळे घाम कळत नाही आणि तहानही उशिरा लागते. बाबांच्या रक्तदाबाच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी एवढं विचाराच की उन्हाच्या दिवसांत ती कधी आणि किती घ्यायची. घड्याळ साडेनऊ तास मागे येईल, तेव्हा सगळ्याच गोळ्यांच्या वेळा त्यांच्याकडून लिहून घ्या. दर अर्ध्या तासाला अर्धा पेला पाणी मी देईन, तहान लागो न लागो. नळाचं पाणी इथे पिण्याजोगं असतं, चुनखडीतून गाळून आलेलं. शहाळीवाले रस्त्याकडेला असतातच. सनस्क्रीन झिंक ऑक्साईडचं लावायचं, प्रवाळाला त्याचा त्रास कमी. अंगभर सहा-सात चमचे, निघण्याआधी पंधरा मिनिटं, आणि दर दोन तासांनी पुन्हा. आपली कातडी सावळी आहे म्हणून ते टाळायचं नाही.

२०११ पासून उन्हाळ्यात सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ वाहून येतं. त्याला वाटाण्याएवढे हवेचे फुगे असतात, त्यावर ते तरंगतं. ताजं असताना निरुपद्रवी, पण किनाऱ्यावर कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि दम्याच्या माणसाला तो वायू बाधतो. ते जास्त करून पूर्वेला आणि दक्षिणेला लागतं, कार्लाईल बे बहुतेक वाचते. या महिन्यांत सहाराची धूळही समुद्र ओलांडून येते आणि आकाश मळकट दिसतं. आई, तुझा इनहेलर हातातल्या पिशवीत हवा, मोठ्या बॅगेत नको.

वादळाचं बाबांनी फोनवर विचारलं होतं. हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. पण जून अगदीच निर्धोक नाही. २०२४ मध्ये २९ जूनला इथल्याच केन्सिंग्टन ओव्हलवर आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो आणि लगेच १ जुलैला बेरिल नावाचं वादळ या बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. विमानतळ बंद झाला, संघ अडकून पडला आणि ४ जुलैला दिल्लीला पोचला. म्हणून गोळ्या परतीच्या तारखेपुढे दहा दिवस पुरतील एवढ्या आणा. ओव्हल किनाऱ्यापासून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. १९७१ ला सरदेसाईंनी १५० केल्या आणि गावसकर दुसऱ्या डावात ११७ वर नाबाद राहिले ते हेच मैदान. एक दुपार बाबांसाठी राखून ठेवली आहे.

खाण्याचं. नीरफणस इथे भरपूर, भाजून किंवा कापं तळून, आईला घरच्यासारखं वाटेल. मक्याच्या पिठाचं आणि भेंडीचं कूकू नावाचं घट्ट पिठलं, बरोबर उडणारे मासे, हे इथलं राष्ट्रीय जेवण. पाटीवर ‘डॉल्फिन’ लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, तो माही-माही मासा. आईच्या उपासाच्या दिवशी मात्र ‘राइस अँड पीज’ हा तुरीसारख्या दाण्यांचा भात विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, त्यात खारवलेलं डुकराचं मांस शिजवण्याची पद्धत आहे.

दोन कायदेशीर गोष्टी. लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसाने घालायला इथे बंदी आहे, मुलांनासुद्धा, तेव्हा ओवीसाठी तसलं काही घेऊ नका. आणि ताजी फळं आणू नका, विमानतळावर काढून घेतील. आंब्यांचा मोसम इथेही असतोच, ज्यूली नावाचा आंबा मी तुमच्यासाठी पिकत ठेवते.

कासवांचंही सांगायला हवं. वेळासला येतं ते ऑलिव्ह रिडले, इथे हॉक्सबिल, आणि ती अंडी घालायला येतात मे ते ऑक्टोबर, म्हणजे नेमकी तुमच्या मुक्कामात. ओवी वाळूत खड्डे खणणारच. निघताना ते सगळे बुजवायचे, कारण रात्री वर आलेली मादी त्यात अडकते आणि पिल्लं पडली की चढू शकत नाहीत. अंधार पडल्यावर मोबाईलची बॅटरी पेटवायची नाही, पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे चालू लागतात. पाण्यात कासव शेजारून गेलं तर हात आखडून स्तब्ध राहायचं, ते आपल्या वाटेने जातं.

आमसुलं कोरडी, बंद पाकिटात आणा आणि कस्टमच्या अर्जावर खाद्यपदार्थ आणले आहेत असं लिहा. आंघोळीनंतर सोलकढी करू, नारळ इथे मिळतो.

तुमची,
मनू