पोर्तुगालचे १९७४ आणि गोव्याचा धागा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्यात पोर्तुगालमधील १९७४ सालच्या क्रांतीवर छोटे टिपण आले होते. मराठीत या विषयावर फारच कमी लिहिले जाते, म्हणून आधी मनापासून आभार. पण त्या टिपणात बंदुकीच्या नळ्यांत खोचलेली लाल फुले, एका दिवसात कोसळलेली हुकूमशाही आणि ‘रक्ताचा थेंबही न सांडता’ हे शब्द, एवढेच होते. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला असल्यामुळे मला हे अपुरे वाटते, आणि एका ठिकाणी चुकीचेही. शिवाय आपल्या वाचकांना सगळ्यात जवळचा असलेला धागा, म्हणजे गोव्याचा, त्यात कुठेच आला नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरण्याच्या बेतात असताना लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांना निरोप पाठवला. आपले सैनिक आणि खलाशी विजयी तरी होतील नाहीतर मरतील, शरणागती नको, असा त्याचा अर्थ होता. त्या माणसाने तो हुकूम मानला नाही. १९ डिसेंबरला त्यांनी शरणागती पत्करली, तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले आणि जिवंत राहिले. पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले तेव्हा त्यांना गुन्हेगारासारखे वागवण्यात आले. वासालु इ सिल्व्हा यांना तर १९६३ मध्ये सैन्यातूनच काढून टाकले. राजवटीचा हट्ट फसला आणि खापर फुटले सैन्याच्या माथी. पोर्तुगीज अधिकारी हे विसरले नाहीत.

तोवर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींपैकी अंगोलात स्वातंत्र्याचे युद्ध पेटले होते. १९६३ पासून गिनीत आणि १९६४ पासून मोझांबिकमध्येही लढाई सुरू झाली. तरुणांना सक्तीने सैन्यात जावे लागे, वर्षानुवर्षे आफ्रिकेत काढावी लागत. ते टाळायला कितीतरी जण चोरवाटांनी डोंगर ओलांडून फ्रान्सला पळाले. गिनीत तर सैन्य हरत चालले होते, आणि तिथे गोव्याचीच पुनरावृत्ती होणार, पराभवाचे धनी पुन्हा आपणच ठरणार, ही भीती कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या मनात घर करून होती. १९७३ मध्ये बढतीचे नियम बदलणारा एक हुकूम निघाला, त्याने तेल ओतले. सप्टेंबरात आलेंतेजु भागातल्या एका शेतघरावर कॅप्टन हुद्द्याचे अधिकारी गुपचूप जमले. चळवळीचे नावच पुढे ‘कॅप्टनांची चळवळ’ पडले. म्हणजे १९७४ ची मुळे शोधायची तर एक गोव्यापर्यंत येते, आणि हे आपण मराठीत सांगायला हवे असे मला तळमळीने वाटते.

प्रत्यक्ष क्रांतीच्या दिवसाची, २५ एप्रिलची हकीकत टिपणात दोन वाक्यांत उरकली आहे. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी, चर्चच्या मालकीच्या रेडिओवर ग्रांदोला गावाबद्दलचे एक गाणे लागले. ती खूण होती. सांतारेंहून साल्गैरु माया नावाचा, तिशीही न गाठलेला कॅप्टन आपली तुकडी घेऊन लिस्बनकडे निघाला आणि सकाळी तेजु नदीकाठच्या मोठ्या चौकात उभा राहिला. सरकारच्या बाजूच्या ब्रिगेडियरने त्याच्यावर गोळ्या झाडायला सांगितले. एका तरुण अधिकाऱ्याने नकार दिला. मग थेट रणगाड्यातल्या कॉर्पोरलला हुकूम झाला, तेव्हा तो आत शिरला आणि त्याने झाकण लावून घेतले. नदीत उभ्या असलेल्या युद्धनौकेच्या तोफाही चालल्या नाहीत. माझ्या मते त्या दिवसाचे खरे नायक हे हुकूम न पाळणारे लोक आहेत. बारा वर्षांपूर्वी गोव्यात एकट्याने जे केले, तेच इथे अनेकांनी केले.

फुलांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. सेलेस्त काएइरु एका उपाहारगृहात काम करत. त्या दिवशी उपाहारगृहाचा पहिला वाढदिवस होता, गिऱ्हाइकांना द्यायला फुले आणली होती. पण शहरात रणगाडे आल्यामुळे मालकाने दुकान उघडलेच नाही, फुले नोकरांना घरी न्यायला दिली. वाटेत एका सैनिकाने त्यांच्याकडे सिगारेट मागितली. सिगारेट नव्हती, म्हणून त्यांनी हातातले एक फूल, कार्नेशन, दिले. सेलेस्तबाई २०२४ च्या नोव्हेंबरात वारल्या.

पण रक्त सांडले. संध्याकाळी गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोर जमलेल्या लोकांवर आतून गोळीबार झाला आणि चार जण मेले. आज त्या रस्त्यावर त्यांच्या नावांची पाटी आहे. राजवटीने जाता जाता मारलेल्या या चौघांना ‘थेंबही न सांडता’ या शब्दांनी आपण पुसून टाकू नये.

दोन दिवसांत काशियास आणि पेनिशच्या तुरुंगांतून राजबंदी बाहेर आले. काशियास हे नाव मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे गोवा मुक्तिसंग्रामातले सांगलीचे मोहन रानडे तिथे बंदिवासात होते. सुधीर फडक्यांसारख्यांनी त्यांच्यासाठी जिवाचे रान केले. ते १९६९ मध्ये सुटले.

एप्रिल २०२४ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, मी लेकीकडे लिस्बनला होते. लिबर्दादी रस्त्यावर माणसांचा पूर होता. कोटाला कार्नेशन लावलेल्या एका म्हाताऱ्या माजी सैनिकाने मी कुठली ते विचारले. गोव्याच्या शेजारची, असे लेकीने सांगताच तो म्हणाला की त्याचा थोरला भाऊ १९६१ चा युद्धकैदी. घरी परतल्यावर भावाने गोव्याबद्दल कधी तोंड उघडले नाही.

क्रांतीनंतरचे १९७४ चे महिने धामधुमीचे गेले. मे महिन्यात ३,३०० एस्कुदोंचे (तेव्हाचे पोर्तुगीज चलन) किमान वेतन ठरले, न्यायाधीश होण्याची वाट स्त्रियांना पहिल्यांदा मोकळी झाली, जुलैत वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क मान्य करणारा कायदा झाला, सप्टेंबरात गिनी-बिसाऊला मान्यता मिळाली. त्याच महिन्याच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष स्पिनोला यांनी राजीनामा दिला. वासालु इ सिल्व्हा यांनाही त्याच वर्षी सैन्यातला मान परत मिळाला.

आणि ३१ डिसेंबर. एप्रिलच्या अखेरीस पॅरिसहून आगगाडीने परतलेले निर्वासित नेते मारियु सोआरिश आता परराष्ट्रमंत्री होते. नवी दिल्लीत त्यांनी गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर सही केली. भारताच्या बाजूने सही होती आपल्या यशवंतराव चव्हाणांची. १९५५ पासून तुटलेले राजनैतिक संबंध पुन्हा जुळले. तेरा वर्षे लिस्बनच्या लेखी गोवा पोर्तुगालचाच होता. ते बदलायला तिथली हुकूमशाही जावी लागली.

आपणास दोन विनंत्या आहेत. चौघांच्या मृत्यूबद्दलची दुरुस्ती छापावी, आणि या कराराचा मजकूर मराठीत करून टिपणासह प्रसिद्ध करावा. येत्या १९ डिसेंबरच्या पुरवणीत तो आला तर शाळांना फलकावर लावता येईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सावंतवाडी