पासवर्डचा शेवटचा आकडा

दर 3 महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती अनेक कार्यालयांत अजूनही आहे, आमच्याकडेही. मी काय करतो, तर शेवटचा आकडा एकाने वाढवतो. सध्या 17वर आलोय. शेजारचे सहकारी कीबोर्ड उलटा करतात, खाली चिकटवलेली पिवळी चिठ्ठी वाचतात आणि मगच कामाला लागतात. गंमत म्हणजे तंत्रज्ञानाची मानके ठरवणाऱ्या ज्या अमेरिकी सरकारी ‘निस्ट’ संस्थेच्या 2003च्या सुमाराच्या मार्गदर्शिकेमुळे मोठे अक्षर, आकडा, चिन्ह हे सोवळे जगभर रुजले, तिनेच 2017मध्ये ते मोडीत काढले. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा, आणि अवघडपेक्षा लांबलचक बरा, असे तिचे म्हणणे. मूळ मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनी तर जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. एवढी बातमी आमच्या संगणक विभागापर्यंत का पोहोचत नाही?

‘अमुक कोटी पासवर्ड फुटले’ हा मथळा मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर तासाभरात सगळीकडे फिरतो. बरेचदा ते जुन्याच चोऱ्यांचे नव्याने बांधलेले गाठोडे असते, पण हे असते बातमीच्या शेवटच्या ओळीत. आपण तरी ती ओळ वर घ्याल का?

— एक वाचक