दाढेचं दुखणं

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं तर बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहिते. शाळेचा राजीनामा मागच्या महिन्यातच दिला. पेरणीला आले होते तेव्हा जीभ रेटली नाही. आता मुंबईत पीएचडीला लागले आहे. रागवा, पण जेवण टाकू नका.

पैशाचं आधी. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली आहे, महिना 37,000, दोन वर्षांनी 42,000. शाळेत हातात पडायचे त्याहून जास्तच. सोसायटीचा हप्ता मीच भरणार, दादाच्या मागे लागू नका. खोलीच्या खिडकीला जाळी आहे, मेसमध्ये पोळ्या गरम मिळतात. भाजी अळणी असते, पण जवसाची चटणी आहे सोबत. आणि लग्नाला मी नाही म्हटलेलं नाही. मामींना यंदा थांबायला सांगा, एवढंच.

विषय काय, तर बायांचं हृदयाचं दुखणं उशिरा का कळतं. आई, ती वेचणी आठवते? कमरेला कापसाची ओटी, एका हाताने जबडा दाबून धरलेला. आधी लवंग धरलीस, मग दाढ काढून आणलीस. दाढ गेली, दुखणं तिथंच. आठ महिने ॲसिडिटीच्या गोळ्या आणि "या वयात बायांना होतंच". मग कोणीतरी ईसीजी काढला. बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा अर्ध्या तासात जीप दारात होती, आणि निघाला गॅस. बाबा, हा टोमणा नाही. जीपसाठी मीच धावले होते, आणि आईला लवंगही मीच आणून दिली होती.

छातीत कळ बायांनाही येते, पण सोबत जबडा, पाठ, मळमळ, दम असं बरंच येतं आणि तपासणारा त्यातच गुंततो. आपल्याच गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बाया तपासल्या होत्या. 1989 साली ते छापून आलं. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोग, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8. वाचताना मला आपली चूल दिसत होती. आपणच मागास असंही नाही हं. अमेरिकेत सरकारी पैशाच्या संशोधनात बाया घ्यायलाच हव्यात असा कायदा 1993 ला झाला.

आता नीट ऐका. आई, रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, आणि एखाद्या दिवशी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं बंद. बाबा, तिचं ताट तुम्ही वाढा, तिला सवय होईल. वावरात एकटी जाऊ देऊ नका. पुन्हा जबडा दुखला तर दातवाला नको, सरळ 108 ला फोन. वर्ध्याच्या तपासणीला दादा नेणार आहे, "बरं वाटतंय" म्हणून त्याला परत पाठवू नकोस.

पोळ्याला येते. माझा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी माळ्यावर असेल, त्याचं मागचं चाक निघालंय. बाबा, तेवढं बसवून ठेवा.

तुमची,
छोटी