आई, करंगळीला मुंग्या येतात का बघ

प्रिय आई,

बाबांना नमस्कार सांग. फोनवर सांगितलं तर तू मधेच "तेल लाव रात्री" म्हणून विषय संपवतेस, म्हणून लिहितेय.

हाताला मुंग्या येतात म्हणून अखेर हाताच्या स्पेशालिस्टकडे जाऊन आले. इथे लीड्समध्ये मिरजेसारखं नाही गं, की सकाळी नंबर लावला आणि दुपारी दाखवून घरी. आधी जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, त्याने चिठ्ठी दिली की मग वाट बघत बसायचं, चार महिन्यांनी तारीख मिळाली. तोपर्यंत मी आपली माऊसला शिव्या देत होते.

डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, रात्री जाग आली की काय करता? मी काही बोलायच्या आधीच हात झटकून दाखवला, थर्मामीटर झटकतात तसा. त्या हसल्याच, म्हणाल्या अर्धं निदान इथेच झालं. मग विचारलं करंगळीला मुंग्या येतात का. नाही येत, अंगठा आणि शेजारची दोन बोटं, फार तर अनामिका अर्धी. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते म्हणे, आणि बाकीच्यांची मनगटातल्या एका अरुंद बोळातून, तिथे ती चेपते. कार्पल टनेल म्हणतात. मग उलटा नमस्कार करायला लावला, हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायच्या, बोटं खाली, मिनिटभर. माझी बोटं वीस सेकंदांतच बधीर! नंतर नसेची टेस्ट झाली, बोटांना बारीक शॉक देतात, आपला गॅसचा लायटर कधी उलटा लागतो ना हाताला, अगदी तसं.

सध्या रात्री पट्टा बांधून झोपायचं, मनगट सरळ राहावं म्हणून. नाही भागलं तर स्टिरॉइडचं इंजेक्शन, आणि तरीही नाहीच तर छोटं ऑपरेशन, फक्त हात बधिर करतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. घाबरू नकोस, माझं तिथवर जाणार नाही असं त्यांना वाटतंय.

पण खरं सांगू का, तिथे बसल्या बसल्या मला तूच दिसत होतीस. पहाटे ओट्यापाशी उभी राहून हात झटकणारी. आम्ही समजायचो कणिक मळून दुखतोय. त्यांनी माझं थायरॉइड विचारलं, ते कमी असेल तरी हे होतं म्हणे, आणि तू तर किती वर्षं ती गोळी घेतेस! दिवाळीत तुझ्या हातून कप पडला तेव्हा बाबा तुझ्यावरच चिडले होते. अंगठ्याखालचा उंचवटा बसलाय का तेही बघ, नस फार दिवस चेपलेली राहिली तर तिथलं मांस झिजतं आणि मग ते पूर्ण भरून येईलच असं नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर उलटा नमस्कार करायचाय. घड्याळ बाबांकडे दे, तुझ्याकडे नको, तू वीस सेकंदांनाच "झालं मिनिट" म्हणशील.

तुझी,
पिंकी