दुपारच्या स्वयंपाकाला बाई लावली आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र धास्तावून वाचायला नको. दुपारच्या स्वयंपाकाला मी बाई लावली आहे. पलीकडच्या काकूंची सून, सोमवारपासून येईल. पैसे मी परस्पर देणार आहे, तेव्हा तिला अंगणातूनच परत पाठवू नकोस. तुला विचारलं नाही, कारण तू काय म्हणाली असतीस ते मला तोंडपाठ आहे.

तुझ्या हातची चव गेली असं कोणी म्हटलेलं नाही. फोडणी तूच दे, मीठ-तिखट तुझ्याच हातचं असू दे. तिनं फक्त निवडायचं, चिरायचं, शिजवायचं आणि मुख्य म्हणजे रोज करायचं. कारण "दोघांसाठी काय मोठं रांधायचं" म्हणत तू सकाळचंच संध्याकाळवर ढकलतेस. गेल्या महिन्यात चार दिवस राहिले तेव्हा मी गुपचूप मोजत होते. तू दिवसाकाठी पाच वेळा चहा घेतलास, दोनदा बिस्किटांवर भागवलंस, आणि डाळ इतकी पातळ की वाटीचा तळ दिसत होता. धार काढली की दूध डेअरीला, अंडी टोपलीत जमवून विकायला, आणि त्याच पैशांतून बिस्किटांचे पुडे. घरातलं सत्त्व बाहेर आणि मैदा घरात! हा हिशेब कोणी शिकवला तुम्हाला? आम्हा भावंडांना मात्र दूध संपवल्याशिवाय उठू द्यायची नाहीस. माझा पेला उलटा करून बघायचीस, आठवतं?

बाबा, तुमच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक मी पाहिलं. खिळा अजून खिडकीतच पडला आहे. सहा महिन्यांत ५८ चे ५३ किलो झालात, आणि वर म्हणता, वय झालं की माणूस सुकायचंच. वयानं भूक मंदावते, तहान लागलेली कळत नाही, चव उतरते, हे कबूल. पण शरीराची गरज तशी उतरत नाही. प्रथिनांची तर उलट वाढते. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज निदान १ ते १.२ ग्रॅम लागतात. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर गणित वेगळं. तुमचे रिपोर्ट दाखवून मी ते आधीच विचारून घेतलंय. म्हणजे तुम्हाला ५३ ग्रॅम तरी. एका अंड्यात साधारण ६, पेलाभर दुधात ८. चहातल्या चमचाभर दुधात काय असणार?

आता रक्ताचं. आईचं हिमोग्लोबिन ९.८ आहे, बायकांचं १२ तरी हवं. जिना चढताना तू मध्येच थांबून खिडकीबाहेर बघतेस ना, ते कशासाठी ते आता कळलं. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेच, पण जेवणावर लगेच चहा नको. अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासभर जाऊ दे. पालेभाजीवर लिंबू पिळ. बाबांचं बी-१२ जीवनसत्त्व १४२ आलंय, २०० च्या खाली म्हणजे कमीच. पायांना मुंग्या येतात त्याचं सगळं खापर आपण साखरेवर फोडत होतो. पण वयानं पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ नीट सुटत नाही, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, म्हणजे तुमची साखरेची गोळी, घेतल्यानंही ते घटतं. म्हणून काही ती मनानं बंद करायची नाही हं! बी-१२ ची इंजेक्शनं लिहून दिली आहेत. बसची वाट बघत उन्हात उभे राहू नका, काकूंचा मुलगा गाडीवरून नेईल, त्याच्याशी बोलून ठेवलंय.

डेअरीत एक लिटर कमी घालायचं. तेही मी सांगून टाकलंय, रागावू नका. अंडी आधी घरात, उरली तर टोपलीत. आई, तू बाबांच्या बरोबरीनं बसायचं, मागून उरलंसुरलं नाही. आत्याच्या शेवटच्या वर्षात आपण सगळे "तिचं खाणं पहिल्यापासूनच चिमणीचं" म्हणत राहिलो. मला ते परत म्हणायचं नाही.

मी तिथे नाही आणि इथून हुकूम सोडतेय, हे मला कळतं. खरं तर तुझ्या शेजारी बसून तुझ्या ताटात वाढायला हवं होतं. सुट्टी मिळेपर्यंत त्या सुनेलाच मी समज. वजनकाटा पाठवते आहे, दर महिन्याच्या १ तारखेला दोघांनी उभं राहायचं आणि आकडा मला सांगायचा. खरा.

राग आला असेल तर फोन करून रागव. पण जेवून झाल्यावर.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, कवळी डबीत ठेवण्यासाठी केलेली नाही. टोचत असेल तर घासून घेऊ, पण तोंडात घाला.