पळून जाण्याची शिक्षा आणि रिकामी मॅगझिन

महोदय,

नायजेरियाच्या लष्करी कायद्यात, प्रत्यक्ष कामगिरीवर असताना पळून जाणाऱ्याला मृत्युदंड होऊ शकतो. एरवी जास्तीत जास्त दोन वर्षे कैद. आपल्या 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टची रचनाही अशीच आहे, फक्त शांतताकाळातली शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्यामुळे तिथला कायदा रानटी म्हणून नाक मुरडायचे कारण नाही.

मला खटकते ते 2014 चे प्रकरण. तिथल्या बोको हराम या अतिरेकी संघटनेच्या ताब्यातली गावे सोडवायला जायचे नाकारले म्हणून 54 सैनिकांना लष्करी न्यायालयाने बंडाच्या आरोपाखाली मृत्युदंड सुनावला. पुरेशी शस्त्रे नाहीत, हे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर 2015 मध्ये त्यांच्यासह 66 जणांची शिक्षा दहा वर्षे कैदेवर आली. त्याच महिन्यात माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांवर शस्त्रखरेदीच्या पैशांच्या अफरातफरीचा आरोप ठेवला गेला!

मी लष्करात, एका कंपनीच्या (पायदळाच्या तुकडीच्या) कार्यालयात क्लार्क होतो. जवान रजेवरून परतला नाही की पोलिसांना अ‍ॅप्रिहेन्शन रोल, म्हणजे त्याला पकडून देण्याचे पत्र, जायचे; तीस दिवस उलटले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसायची. फॉर्ममध्ये जमा न केलेल्या साहित्याचा रकाना असे, अगदी मोज्यांपर्यंत. सरकारने जवानाला काय दिले नाही, याचा रकाना मात्र कुठेच नसे.

शिस्त हवीच, लढाईतली जागा सोडणाऱ्यामुळे शेजारचा मरतो. पण अशा खटल्यात भांडाराची नोंदवही आधी न्यायालयापुढे यावी.

— एक निवृत्त हवालदार, अपशिंगे (जि. सातारा)