आंग्रिया बँकेवरील डायव्हिंग: आधी सुरक्षा, मग जाहिरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात बुडालेल्या आणि कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँक या प्रवाळ पठारावर डायव्हिंग पर्यटन सुरू करण्याची चर्चा अधूनमधून होते. कल्पना चांगली आहे. परंतु मालवणला किल्ल्याजवळ मार्गदर्शकाचा हात धरून मारलेली बुडी आणि ही बुडी यांत फार अंतर आहे. पठाराचा माथाच सुमारे वीस मीटर खोल असून कडेला समुद्रतळ एकदम खोल जातो. अशा उभ्या कड्यालगत पायाखाली तळ नसल्याने, तरंगणे-बुडणे सांभाळण्यासाठी घातलेल्या जॅकेटमधील हवेचा अंदाज जरा चुकला तरी माणूस नकळत खाली जात राहतो. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणजे सिलिंडरमधील हवाही चौपट वेगाने संपते आणि दाबाखाली श्वासातून शरीरात जाणाऱ्या नत्रवायूची गुंगी चढू लागल्यामुळे दाबमापकाकडे पाहण्याचेच भान राहत नाही.

हौशी डायव्हिंगची ४० मीटरची मर्यादा काटेकोरपणे पाळावी, प्रत्येकाकडे पृष्ठभागावर उभा राहणारा रंगीत फुगा असावा आणि बोटीवर पुरेसा प्राणवायू असावा. किनारा काही तासांच्या अंतरावर असल्याने, दाबविकार (घाईने वर आल्यास शरीरात नत्रवायूचे बुडबुडे होऊन होणारा त्रास) झालेल्या रुग्णाला कोणत्या रिकम्प्रेशन चेंबरमध्ये (पुन्हा दाब देऊन उपचार करणाऱ्या बंद कक्षात) आणि कशाने न्यायचे, हे बोट सुटण्यापूर्वीच लेखी ठरलेले असावे. हे ठिकाण देशाच्या बारा सागरी मैलांच्या प्रादेशिक सागरी हद्दीपलीकडे असल्याने राज्य व केंद्र शासनाने जबाबदारीची वाटणी आताच स्पष्ट करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मालवण